खिडकीजवळचं बाकडं

५ जानेवारी

हार्डवेअरवाल्याने फुकट डायरी दिली. फुकटची ती फुकटचीच. रेघा इतक्या फिक्या छापल्यात की असून नसल्यासारख्या. त्याला म्हटलं, "छापताना शाई संपली होती का?" तर डायरीत डोकावून म्हणतो, "दिसतायत की, ताई." विकणाऱ्याला सगळंच दिसतं.

नव्या वर्षाचा संकल्प केला होता की धाकटीवर चिडायचं नाही. आज पाच तारीख, आणि संकल्पाचे तीनतेरा वाजले.

झालं असं की सकाळी कारखान्यातला फोन मी उचलला. कारखाना म्हणजे काय, माहेरच्या घरामागच्या अंगणातली पत्र्याची लांब खोली. पण बाबा कारखाना म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणतो. जुनं फर्निचर नवं करून देतो. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "मी दातांची डॉक्टर बोलतेय. धाकट्या ताई आहेत का?"

मी म्हटलं, "मोठी आहे. चालेल का?"

"नाही, म्हणजे, रंगाचं काम आहे ना, म्हणून म्हटलं."

रंगाचं काम आहे म्हणून धाकटी! या कारखान्यात बाबांनंतर रंगाला हात लावला तो मी. ही दोन वर्षांपूर्वी आली. त्याआधी जन्मभर शिवणकाम आणि रफू. तिचं दुकान बंद पडलं, घरात एकटी, मुलं लांब, म्हणून मीच म्हटलं होतं, "ये, लाकूड घासायला मदत कर, मन रमेल." आता तिचं मन रमलंय आणि माझं उडायची वेळ आली आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

फोन तिच्या हातात दिला. ती हसून हसून बोलत होती. मी मुद्दाम रंधा मारायला घेतला, म्हणजे काही ऐकू येऊ नये. तिलाही आणि मलाही.

९ जानेवारी

टेबल आलं. गोल, एका खांबाच्या पायावर उभं, जुन्या लाकडाचं. वर बरोबर मधोमध इस्त्रीचा जळका डाग. पूर्ण इस्त्री उमटलीय, टोकासकट. डॉक्टरीणबाईंच्या आईने टेबलावर इस्त्री ठेवली आणि विसरली. जेवायला बसलं की डाग सगळ्यांच्या पानाला सारखा जवळ, त्यामुळे रोज त्यावर चर्चा होते म्हणे आणि म्हातारी रोज रुसते.

डॉक्टरीणबाई सगळं धाकटीला सांगत होत्या. मी शेजारी उभी. शेवटी मीच म्हटलं, "जळलेला भाग कापून काढावा लागेल. त्याच जातीच्या जुन्या लाकडाचं ठिगळ बसवायचं, रेषेला रेष जुळवून. ते मी करीन. रंगही मीच देईन."

धाकटी पटकन म्हणाली, "हो हो, ताईच करणार. हे ताईचंच काम."

असं मोठेपणाने बोलायचं आणि सगळ्यांसमोर आपण गुणी ठरायचं, हे तिला लहानपणापासून जमतं. दिसायलाही तशीच. साठीला टेकली तरी चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. गाल कसे घोटून पॉलिश केल्यासारखे. परवा तिला विचारलं, काय लावतेस? म्हणे, काही नाही. न लावता एवढं कोणाचं राहतं? मी आरशात बघते तेव्हा आरशाचंच पाणी गेलंय की काय ते कळत नाही, पण आपली ठेवण आपल्याला माहीत असते.

१३ जानेवारी

ठिगळ बसलं. आज मी स्वतःवर खूश आहे.

जळका भाग पटाशीने काढला, जुन्या कपाटाच्या फळीतून तुकडा निवडला, सरस लावून दाबून ठेवला होता. आज शिकंजे सोडले, घासलं, डोळे मिटून बोट फिरवलं. सांधा बोटाला लागत नाही. बाबा म्हणायचे, सांधा डोळ्याने बघू नका, बोटाला विचारा.

धाकटीनेही बोट फिरवलं. "ताई, कुठून सुरू होतं तेच कळत नाही गं. मला जन्मात नाही जमणार."

खरं बोलत असावी. पण कौतुक करतानाही हिच्या मनात काय चालतं कोण जाणे. माणूस लाच देताना गोडच बोलतो.

उजेडाचं काहीतरी करायला हवं. कामाच्या बाकड्यावरचा दिवा पुन्हा बदलला. नवाही तसाच, सगळं धुरकट, आणि दिव्याभोवती झालर. हे डबा द्यायला आले होते, त्यांना म्हटलं, "अहो, हल्ली दिवेच धड बनवत नाहीत." तर म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं." आणि जाताना, "एकदा डोळे दाखवून ये." पोस्टातून निवृत्त झाल्यापासून यांना सगळ्यांना सगळीकडे पाठवायची सवयच राहिली आहे.

१८ जानेवारी

रविवार. स्वयंपाकघरातल्या कपाटांना दुसरा हात देऊन झाला. गेल्या वर्षी मीच पांढरी रंगवली होती, कोपरे उडाले होते. दुकानदार म्हणत होता, पांढऱ्यात पन्नास छटा आहेत. मी म्हटलं, मला नुसता पांढरा दे, बाकीचे बरेचसे पिवळट असतात. स्वतः निवडून आणला. एकदम शुभ्र.

शेजारीण चहाला आली तर म्हणाली, "तुमच्याकडे आभाळाखाली बसल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, पांढऱ्याने खोली मोठी दिसतेच. तिने यांच्याकडे बघितलं आणि चहा प्यायली.

दुपारी धाकटी आली. कपाटावरून हात फिरवत म्हणाली, "ताई, तुला हा रंग कसा वाटतो?"

"पांढऱ्यात वाटायचंय काय?"

मग तिने आणि यांनी एकमेकांकडे बघितलं. मी काही आंधळी नाही. दोघांचं काहीतरी गुपित आहे. मेव्हणी आली की हे पेपर खाली ठेवतात. मी बोलत असले की पेपरातूनच "हं" येतं. आज दोघं अंगणात उभे राहून बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी बाहेर गेले तसे गप्प. "काय चाललंय?" तर ती म्हणते, "काही नाही, भाऊजींना बागेचं विचारत होते." आमच्याकडे बाग नाही. एक कुंडी आहे, तीही वाळलेली.

या वयात मला तसला संशय नाही. पण माझ्या घरात मला वगळून बोलतात, म्हणून संध्याकाळचा चहा मी एकटीपुरताच केला.

२२ जानेवारी

आज डोकं फिरलं!

रंगाच्या पुडीच्या डब्यांवर हिने चिठ्ठ्या चिकटवल्यात. प्रत्येक डब्यावर, हे एवढ्या मोठ्या अक्षरात. तपकिरी. गेरू. काळा. जांभळट तपकिरी. अक्षरं तरी किती मोठी, लांबून बसथांब्यावरूनही वाचता येतील.

बाबांच्या वेळेपासून हे डबे बिनचिठ्ठीचे. कुठला कुठे हे माझ्या हाताला पाठ आहे. चिठ्ठ्या लावायच्या म्हणजे सांगायचं काय, तर आता हे डबे माझे. कुत्रं खांबापाशी करतं तेच, फक्त सुवाच्य अक्षरात.

मी विचारलं, "हे कोणासाठी?"

म्हणाली, "मलाच गं. माझा गोंधळ होतो."

जिने रफू करताना दोऱ्याच्या शंभर छटा न चुकता उचलल्या, तिचा चार डब्यांत गोंधळ होतो! थापसुद्धा नीट मारता येत नाही.

ती जेवायला गेल्यावर पाणी लावून सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. डबे धुतले, पुसले, मांडून ठेवले. आल्यावर तिने बघितलं. काही बोलली नाही. मी वाट बघत होते की बोलेल. उत्तर तयार होतं माझं.

२३ जानेवारी

बोलणं बंद.

२४ जानेवारी

ठिगळाला रंग दिला. लाखेत पूड कालवून, पातळ पातळ हात देत. रंग असा जुळला की मीच थबकले. ठिगळ टेबलात विरघळून गेलं.

धाकटीने बघितलं. कौतुकाचा एक शब्द नाही. मग म्हणाली, "ताई, उद्या उन्हात काढून बघूया का?"

उन्हाचा नियम बाबांचा. काम झालं की वस्तू भर दुपारी अंगणात आणायची आणि सगळ्यांनी भोवती फिरून बघायचं. ठिगळाचा रंग वेगळा दिसला, तर ज्याने रंग दिला त्याने हात धुऊन बाकड्यावरून उठायचं. कारागीर असो की पोटची पोर. एका दुपारी बाबा स्वतःच असे उठले होते. हात धुतले आणि परत बाकड्यावर बसले नाहीत. काय चुकलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून खिडकीजवळचं बाकडं माझं.

मी म्हटलं, "आधी चांगले दोन दिवस वाळू दे." खरं म्हणजे हल्ली ऊन फार चावतं. अंगणात गेलं की सगळं पांढरं होऊन डोळ्यांतून पाणी येतं. वर्षभर ही उन्हाची परीक्षा तिच्यावरच सोडली आहे, आणि माझी एकही वस्तू नापास झालेली नाही.

२७ जानेवारी

आज लवकर गेले. किल्ली लावायला गेले तर दार उघडंच. आत धाकटी. माझ्या बाकड्यावर, माझ्या स्टुलावर, टेबलावर वाकलेली. हातात पॉलिशचा बोळा.

मला बघून दचकली. "धूळ पुसत होते."

बोळ्याने धूळ पुसतात? हात कोपरापर्यंत रंगलेले. मी म्हटलं, "स्टूल सोड." उठली. मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन खुर्चीचा पाय घासत बसली.

म्हणजे रोज हेच चालतं. मी यायच्या आधी येऊन माझ्या जागेवर बसून बघते, कसं वाटतं ते. मला कळतं बरं ते वाटणं कसं असतं. म्हणूनच जास्त राग येतोय.

संध्याकाळी एक जुने गिऱ्हाईक भेटले, शाळेतले चित्रकलेचे सर. मागे त्यांची जुनी लाकडी मांडणी नवी करून दिली होती. "काय रंग जुळवलाय हो! धाकट्या ताईंना सांगा." रंग मी दिला होता! मी त्यांना म्हटलं, "सांगते." आणि सांगितलं नाही.

२९ जानेवारी

सापडली.

उद्या डॉक्टरीणबाई टेबल बघायला येणार. म्हणून मी डोळे मिटून ठिगळावर बोट फिरवलं. मी दिलेल्या हातांवर आणखी एक हात आहे. केसाएवढा, पण आहे. कडेला किंचित जाड, जिथे नवशिक्याचा बोळा थांबतो. माझ्या पुऱ्या झालेल्या कामावर, मला न विचारता, हिने आपला हात फिरवलाय.

आता सगळं लक्षात येतं. उद्या टेबलाचं कौतुक होणार आणि मग ही मान खाली घालून म्हणणार, शेवटचा हात मीच दिला हो. चित्रकलेच्या सरांना असंच काहीतरी सांगितलं असणार.

बोलून उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. उद्या ती यायच्या आत तिचा हात पुसून काढते आणि माझा देते. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टेबल उन्हात काढायचं. बघूया कोण उठतं बाकड्यावरून.

३० जानेवारी

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

पहाटेच गेले. स्पिरिटने तिचा थर पुसला, खालचा माझाही थोडा निघाला. तपकिरीचा डबा घेतला, पूड कालवली, सुंदर रंग झाला. हात दिले. लाख लगेच वाळते. धाकटी आली तेव्हा टेबलावर मी फडकं टाकून ठेवलं होतं. ती फडक्याकडे आणि डब्यांकडे बघून म्हणाली, "ताई, तू काही केलंस का?" मी म्हटलं, "जे माझं आहे ते केलं."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, बरोबर त्यांची आई. हेही डबा घेऊन आले होते. मी म्हटलं, बरं झालं, साक्षीदार जमले. चौघांनी उचलून टेबल अंगणात आणलं. मी स्वतः फडकं ओढलं.

कोणीच बोललं नाही.

मला वाटलं, थक्क झाले. मग म्हातारी टेबलाजवळ वाकून म्हणाली, "हे मधोमध वांगं कोणी ठेवलं?"

डॉक्टरीणबाईंनी आईचा हात दाबला. "असू दे गं. छान आहे. इस्त्रीपेक्षा बरंच बरं."

मी बघितलं. वाकून बघितलं, बाजूने बघितलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून बघितलं. कुठेही फरक नाही. एकसारखं टेबल. मला वाटलं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी धाकटीला सगळ्यांसमोर म्हटलं, "तू शिकवलंस ना यांना? माझं बाकडं पाहिजे ना तुला?"

ती रडायला लागली.

मग मी यांच्याकडे वळले. हे माझ्याशी भांडतात, पेपरातून बोलतात, पण खोटं बोलत नाहीत. म्हटलं, "अहो, तुम्हाला काही दिसतंय का?"

यांनी स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाले, "दिसतंय."

"काय?"

"जांभळं आहे गं. चांगलं जांभळं."

म्हातारी म्हणाली, "बाई, मलाही असंच होतं. इस्त्री चालू असल्याचा तो बारका दिवा दिसला नाही, म्हणून तर टेबल जळलं. मोतीबिंदू. लेकीला दात सोडून काही दिसत नाही, तिच्या लक्षातच आलं नाही."

मी अंगणातल्या नळावर हात धुतले. साबण लावून. घरी आले. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, तेही भर उन्हात.

३ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, कधीचा आहे. डाव्याचं ऑपरेशन आधी, उजव्याचं नंतर. सगळं पिवळ्या काचेतून बघत होतात म्हणे, निळं-जांभळं कळतच नसणार. "त्रास कसा जाणवला नाही?" मी म्हटलं, जाणवला की, पण तो दुसऱ्यांचा वाटला.

"घरात आधी कोणाला होता का?"

मी नाही म्हटलं. रिक्षात बसल्यावर बाबा आठवले. शेवटी शेवटी बाबा धाकटीला दोरे घेऊन बोलवायचे. "हा कुठला गं? आणि हा?" मला वाटायचं तिचे लाड करतायत, तिच्या शिवणाचं कौतुक म्हणून. मी तेव्हाही जळले होते.

७ फेब्रुवारी

धाकटी आली. मी झोपल्याचं सोंग घेतलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि सोंग घेतलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"ताई, मला आल्या आल्याच कळलं होतं. पहिलीच खुर्ची तू हिरवट केली होतीस. मी एकदा म्हटलं होतं, आठवतंय? तू आठवडाभर बोलली नाहीस. मग मी भाऊजींना विचारलं, काय करू. ते म्हणाले, सांगशील तर ती बाकडं सोडेल."

मी डोळे मिटलेलेच.

"बाबांनी हात धुतले आणि मग मरेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. नुसते बसून. भिंतीकडे तोंड करून. तुझं लग्न झालं होतं, तू दिवसभर कारखान्यात असायचीस, संध्याकाळी घरात डोकावून जायचीस. मी दिवसभर घरात होते. मला तुला तसं बसलेलं बघायचं नव्हतं गं."

मग माझी चादर नीट करत म्हणाली, "चुकलंच माझं. चोरून करायला नको होतं. पण तुला सांगायचं कसं, तू ऐकतेस का कुणाचं?"

ती गेल्यावर मी उठून बसले. दोन वर्षं ही रोज माझ्या आधी येऊन माझं झाकत होती आणि मी इथे वहीत तिला नागोबा लिहीत होते. वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर जळणं थांबलं नाही, उलट वाढलं. आधी वाटत होतं की ती माझं काम चोरते. आता कळलं की ज्याचं कौतुक झालं ते सगळं काम तिचंच होतं.

१९ फेब्रुवारी

काल डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. दवाखान्याची भिंत एवढी पांढरी की मला वाटलं, दिवा लावलाय.

घरी आले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि दारातच थांबले.

"अहो, हे काय आहे?"

"काय?"

"कपाटं निळी आहेत!"

"हो."

"चांगली निळी आहेत!"

"वर्षभर आहेत," हे म्हणाले. "मला वाटलं तुला निळा आवडतो. मग कळलं की तुला तो पांढरा वाटतोय. मग म्हटलं, राहू दे, सवय झाली."

आणि शेजारीण आभाळ म्हणत होती. मी तिला खोली मोठी दिसण्याची कारणं सांगत होते. हसू आलं तेव्हा यांनी पेपर खाली ठेवला.

या वहीतही रेघा आहेत. निळ्या, चांगल्या ठळक. माझं अक्षर त्या तुडवत, चढउतार करत गेलंय. हार्डवेअरवाल्याची माफी मागायला हवी. मागणार नाही, पण खिळे त्याच्याकडूनच घेईन.

२१ मार्च

डॉक्टरांनी धुळीत जायला महिनाभर मनाई केली होती. आज गेले. हत्यारं घेऊन यायला. मी उन्हात नापास झाले होते, बाबांचा नियम मला लागू नाही असं कुठे आहे? पिशवी घेऊन गेले होते.

बाकडं रिकामं. माझं स्टूल जिथे होतं तिथेच, त्यावर धूळसुद्धा नाही. धाकटी कोपऱ्यात जमिनीवर बसून काम करत होती. एवढे दिवस खिडकीजवळ कोणीच बसलेलं नव्हतं. डब्यांवर पुन्हा चिठ्ठ्या, पण या वेळी बारीक अक्षरात.

मी म्हटलं, "टेबल गेलं का?"

"नाही. म्हातारी म्हणतात, घाई नाही, परत आलं तर पुन्हा इस्त्री ठेवीन." मग उठून म्हणाली, "उन्हात काढू?"

दोघींनी टेबल लोटत अंगणात आणलं. ऊन चावलं नाही. मी डाव्या डोळ्याने ठिगळ शोधलं. सापडेना. आमच्याच हातचं ठिगळ, कुठे आहे ते मला माहीत, तरी सापडेना. शेवटी डोळे मिटले, बोटालाही सांधा लागला नाही. सांधा माझा, रंग तिचा.

असा रंग मला माझ्या चांगल्या डोळ्यांच्या काळातही जमला नव्हता. बाबांनाही नसावा. इथे वहीत लिहून टाकते, तोंडाने म्हणणं होणार नाही. जळफळाट झाला तो झालाच, मी पिशवी खाली ठेवली.

मी म्हटलं, "पिवळा जरा कमी पडलाय."

"कुठे?"

"इथे, कडेला."

तिने वाकून बघितलं. काही कमी पडलं नव्हतं. मला माहीत होतं. ती सरळ झाली, आत गेली, बोळा आणि लाखेची वाटी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "मग तू दे हात. तुझा हात हलका आहे."

मी बोळा लाखेत बुडवलाच नाही. नुसता कोरडा फिरवला, गोल गोल, बराच वेळ. ती समोर उभी राहून बघत होती. कोरडा आहे हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे मला. दोघीही गंभीर.

"आता जुळला," ती म्हणाली.

मी मान वर केली. ती माझ्यासमोर, हातभर अंतरावर, भर उन्हात. तेव्हा तिचा चेहरा बघितला.

सुरकुत्याच सुरकुत्या. डोळ्यांखाली, ओठांभोवती, कपाळावर. गालावर स्पिरिटच्या वाफेने आलेले डाग. कातडी उतरलेली, डोळे थकलेले. माझी धाकटी बहीण म्हातारी झाली होती आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी डावा डोळा मिटून उजव्याने बघितलं. तिथे ती अजून तशीच, गोरीपान, गुळगुळीत. पुन्हा डाव्याने. पुन्हा उजव्याने.

"काय करतेस?" ती म्हणाली. "डोळा दुखतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "पहाटे किती वाजता यायचीस गं?"

"लवकर."

"झोप नाही व्हायची?"

"दुपारी थोडी काढायचे, कोपऱ्यात. तुला दिसायचं नाही."

मला रडू आलं. डॉक्टरांनी डोळा चोळायला मनाई केली आहे, म्हणून तसंच वाहू दिलं. ती पदराने पुसायला आली तर मी म्हटलं, "हात लावू नकोस, पदराला लाख आहे."

पिशवी रिकामीच घरी आणली. मागची पानं वाचली. एक सुरकुती नाही, म्हणून लिहिलंय. खोडणार होते, पण तसंच ठेवलंय.

बाकडं लांब आहे, त्यापाशी दोघी मावतो. हे आज डोळा उघडल्यावर कळलं असं म्हणता आलं असतं, पण मावतो हे मला पहिल्यापासून माहीत होतं. यांना सांगून माळ्यावरचं जुनं स्टूल काढून घेतलंय. एक पाय हलतोय, उद्या सरस लावून नीट करते आणि खिडकीजवळ ठेवते. माझ्या स्टुलापेक्षा ते थोडं बुटकं आहे. तेवढं असू दे.